न थांबणाऱ्यांची मोजणी

जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेच्या सकाळी उमरेडच्या बाजूला असलेल्या एका जलाशयाच्या काठावर आमचा गट उभा होता. धुके विरत चालले होते, बेशरमाच्या झुडपांवर दव होते आणि पलीकडच्या काठाला बसलेल्या चक्रवाकांची मोजणी नुकतीच दुसऱ्यांदा करून झाली होती. तेवढ्यात डोक्यावरून, बऱ्याच उंचीवरून, पट्टकादंबांची एक रांग गेली. आधी त्यांचा नाकातला, तुटक आवाज ऐकू आला आणि मग मान मागे टाकल्यावर निळ्यावर ओढलेली ती तिरकी रेघ दिसली. हिमालय ओलांडून आलेले हे पक्षी आमच्या जलाशयाकडे ढुंकूनही न पाहता दक्षिणेकडे निघून गेले. मी कागदावर त्यांच्या नावापुढे आकडा लिहायला घेतला, तेव्हा गटातले ज्येष्ठ सर म्हणाले, "उतरले नाही नं ते? मग नको लिहू." त्यांचे बरोबर होते. ही गणना १९८७पासून दर जानेवारीत होते आणि ती त्या त्या पाणथळ जागेची असते. कोणत्या तळ्याचा आधार किती पक्ष्यांना आहे, हे तिच्यावरून ठरते. वरून जाणाऱ्यांना आमच्या तळ्याच्या खात्यात धरले, तर तेच पक्षी पुढच्या तळ्यावरही मोजले जातील. मी आकडा खोडला. नियम पटला होता, तरीही त्या सकाळी जे सर्वांत उत्कटपणे पाहिले त्याचीच नोंद कुठे होणार नाही, ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस मनात टोचत राहिली.

नागपूरकराला पक्षी येण्याची सवय आहे. दिवाळी आटोपली की गोरेवाड्याला, अंबाझरीला आणि गावाबाहेरच्या धरणांवर बदके उतरू लागतात, आणि 'परदेशी पाहुण्यांचे आगमन' अशा मथळ्याखाली वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येतात. आपणही रविवारी सहकुटुंब जाऊन पाहुणे नीट आले आहेत ना, याची खात्री करून घेतो. या सगळ्यात एक यजमानपण असते. ज्या गावात झिरो माईलचा दगड आहे, त्या गावाला सगळ्या वाटा आपल्याकडे येतात असे वाटले तर नवल नाही. समुद्र तेवढा आपल्याकडे येत नाही. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटरवर आहे. बंगालचा उपसागर त्याहून जवळ आहे आणि आपल्या नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी असा लांबचा प्रवास करून तिकडेच जाते. तरीही समुद्र म्हटले की आपले तोंड पश्चिमेकडे वळते, कारण आपले नातेवाईक मुंबईला असतात आणि मासळीच्या गोष्टी कोकणातून येतात. माझी एक मावसबहीण लग्न होऊन देवगडला गेली नसती, तर समुद्रपक्ष्यांचे स्थलांतर नावाची गोष्ट माझ्यासाठीही पुस्तकातच राहिली असती.

गौरी-गणपतीचे विसर्जन आटोपल्यावर, चाकरमानी परतून गाड्यांची गर्दी ओसरल्यावर, मी कणकवलीला उतरले आणि एसटीने देवगडला पोहोचले. नागपुरातून निघताना घामट, साचलेला उकाडा होता. देवगडात वारा होता. तो दाराच्या फटीतून, कौलांच्या सांध्यातून आणि बोलणाऱ्याच्या तोंडातून शब्द उचलून नेत होता, आणि टेकडीवरच्या पवनचक्क्या इथे उगाच बसवलेल्या नाहीत, हे पहिल्या संध्याकाळीच पटले. देवगडचा किल्ला समुद्रात शिरलेल्या भूशिरावर आहे. तीन बाजूंना पाणी, मध्ये जांभ्याचा सडा, त्यावर पावसाळ्यापुरते उगवलेले गुडघाभर गवत आणि दीपगृह. मी पहाटेच गेले, कारण पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सकाळीच पाहायचे असते. सूर्य पाठीशी असतो आणि समोरून जाणाऱ्या पक्ष्यावर उजेड पडतो. दुपारनंतर तोच सूर्य समोर येऊन पाण्याचा पत्रा करून टाकतो आणि मग पांढरा काय, काळा काय, सगळेच सारखे दिसते. दीपगृहाच्या खालच्या अंगाला वाऱ्याच्या आडोशाची जागा पाहून मी तिपाई रोवली, स्कोप म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण बसवली आणि डोळा लावला.

बराच वेळ काहीच दिसले नाही.

तळ्यावर पक्षी पाहणाऱ्याला ही रिकामी वेळ अवघड जाते. तळ्याला काठ असतात. डावीकडून सुरुवात करून उजवीकडे पोहोचले की पाहणे पूर्ण होते. समुद्राला अशी सुरुवात नसते. ३० मीटर उंचीच्या कड्यावर उभे राहिले तर क्षितिज जवळजवळ २० किलोमीटरवर असते, आणि त्यातल्या जेमतेम पहिल्या दोन-तीन किलोमीटरमधला पक्षी ओळखू येण्याची काही आशा असते. स्कोप फिरवत राहिले की डोळ्यांसमोर केवळ लाटा सरकतात आणि पोटात ढवळू लागते. म्हणून जाणकार उलटे करतात. स्कोप एका जागी स्थिर ठेवायचा, क्षितिजाची रेघ वरच्या बाजूला येईल असा लावायचा आणि त्या वर्तुळातून जे जाईल ते जाऊ द्यायचे. आपण शोधायला निघायचे नाही. हे सांगायला सोपे असले, तरी सतत काहीतरी शोधण्याची ज्याला खोड लागली आहे, अशा माणसाला ते फार जड जाते. ओठांवर मीठ साचते, भिंगावर तुषारांचे ठिपके पडतात, ते पुसताना नेमके काहीतरी निघून गेले असेल अशी हळहळ वाटते, आणि डाव्या डोळ्याच्या मिटलेल्या पापणीत कळ येते. मग लाटांच्या दोन कण्यांमधल्या खळग्यातून एक काळसर काहीतरी वर येते, अंग तिरपे करते आणि पुन्हा खळग्यात जाते. इतकेच. ते काय होते, हे ठरवायला पुढचे पाऊण मिनिट मिळते आणि ते पुरत नाही.

भूशिरावरच का उभे राहायचे, याचे कारण साधे आहे. किनाऱ्याच्या कडेने दक्षिणेकडे निघालेला पक्षी प्रत्येक खाडीच्या आत शिरून बाहेर पडत बसत नाही. तो एका टोकावरून पुढच्या टोकाकडे सरळ जातो, आणि त्यामुळे ज्याला जमिनीशी काही देणेघेणे नाही असा पक्षीही टोकापाशी क्षणभर जमिनीजवळ येतो. त्यातच वारा समुद्राकडून जमिनीकडे जोराचा असेल, पावसाच्या सरींनी दृष्टी अंधूक झाली असेल, तर एरवी कित्येक किलोमीटर आतून जाणारे पक्षी ढकलले जाऊन आणखी जवळ येतात. म्हणजे पर्यटकाला जो दिवस वाया गेला असे वाटते तो या कामाला उत्तम. आयर्लंडच्या दक्षिण टोकाला केप क्लिअर नावाच्या बेटावर १९५९मध्ये पक्षी निरीक्षण केंद्र स्थापन झाले आणि तिथले लोक तेव्हापासून अशाच कुंद, वादळी दिवसांची वाट पाहत कड्यांवर बसत आले आहेत. आपल्या जवळचे उदाहरण श्रीलंकेचे आहे. पावसाळ्याच्या अखेरीस त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरून ब्रायडल्ड सुरयांचा (सुरय म्हणजे इंग्रजीतला टर्न) मोठा ओघ दक्षिणेकडे जातो, हे तिथल्या चिकाटीच्या माणसांनी किनाऱ्यावर बसून मोजून दाखवले. जहाज लागले नाही. बसण्याची तयारी लागली.

माझ्या बहिणीचे सासरे, ज्यांना सगळे घर तात्या म्हणते, ते आयुष्यभर तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, होते. आता गुडघ्यांमुळे होडीवर जात नाहीत, पण बंदरावर रोज जातात. माझे पहाटे उठून किल्ल्यावर जाणे त्यांनी पहिल्यांदा काही न बोलता सोसले आणि मग काठी टेकत तेही आले. स्कोपला डोळा लावून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ह्यां पाखरू हंय थांबाचा नाय गो. तेका हंय काय काम?" यात कसलीही तक्रार नव्हती. इतकी वर्षे डोळ्यांसमोरून जाणाऱ्या गोष्टीबद्दलची ती साधी माहिती होती. सुरयांबद्दल मात्र ते भरभरून बोलले. "पाखरां जंय बुडतत, थंय मासो आसता," असे म्हणून त्यांनी काठीने समोरच्या पाण्यात एक जागा दाखवली. खरोखरच तिथे नारिंगी चोचीच्या सुरयांचा थवा एकामागून एक पाण्यात सूर मारत होता, आणि एक होडी इंजिनाचा आवाज बदलून तिकडे वळत होती. त्यांच्यासाठी पक्षी ही खूण होती. मासेमारीबंदीच्या जून-जुलैत समुद्राकडे नुसते बघत बसणाऱ्या माणसाला अशा खुणा किती हव्याशा वाटत असतील, याचा मला अंदाज येऊ शकत होता, पण तो अंदाजच. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर सुरय अंडी घालतात, हेही त्यांना ठाऊक होते. तरुणपणी त्या बाजूला जाताना सगळे बेट एकदम उठून ओरडत असे, असे ते म्हणाले.

पक्षी ओळखण्याच्या बाबतीत तात्यांपुढे मी कच्ची ठरले, आणि त्यांना एकाही पक्ष्याचे इंग्रजी नाव माहीत नव्हते. आम्ही तळ्यावरचे लोक रंगावर जातो. चोच पिवळी की काळी, डोळ्याभोवती कडे आहे की नाही, पंखांवर पट्टी कोणती. दोन किलोमीटरवरच्या लाटांमध्ये रंग नसतोच. तिथे चाल ओळखावी लागते. गल्लीच्या टोकाला दिसणारी आकृती आपल्या वडिलांची आहे, हे चेहरा दिसण्याच्या कितीतरी आधी कळते, तसे हे ओळखणे असते. सुरय प्रत्येक फडफडीला थोडा वर उचलला जातो. बूबी जड अंगाने, काही फडफडी आणि मग तरंगणे, अशा ठेक्यात सरळ जातो. शिअरवॉटर पंख ताठ ठेवून पाण्याला जवळजवळ पंखाचे टोक टेकवत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळतो आणि वारा असेल तर क्वचितच पंख हलवतो. पाण्यालगत वारा मंद असतो आणि थोडे वर गेले की जोराचा. या फरकातून फुकटची गती कशी मिळवायची, हे त्याला साधलेले असते. लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १८८३मध्ये याचे गणित मांडले. पक्ष्यांना ते आधीपासून येत होते. तात्या ही चाल बघून 'हो लांबचो' आणि 'हो हंयचो' एवढाच भेद करत, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असे.

लांबचे म्हणजे किती लांबचे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी ते सहजासहजी मान्य केले नाही. पावसाळ्यात अरबी समुद्रात येणारा फ्लेश-फुटेड शिअरवॉटर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर बिळात अंडी घालतो. पाण्यावर पाय आपटत चालल्यासारखा उडणारा, जेमतेम ३५-४० ग्रॅम वजनाचा विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल अंटार्क्टिका आणि तिच्या भोवतालच्या बेटांवर जन्मतो आणि तिकडचा हिवाळा टाळायला विषुववृत्त ओलांडून इकडे येतो. उलट बाजूने, आर्क्टिक टुंड्रावरून, स्कुआ येतो. आम्ही बसलो होतो तिथून एक स्कुआ गेला. काळपट, पंखांच्या टोकांपाशी पांढरी झाक असलेला. जाता जाता त्याने एका सुरयाच्या मागे लागून त्याला इतके हैराण केले की सुरयाने चोचीतला मासा सोडून दिला आणि स्कुआने तो पाण्यावर पडायच्या आत झेलला. तात्या खूश होऊन हसले. "आमच्या बंदरार पण आसत असले," ते म्हणाले. कुणाबद्दल ते मी विचारले नाही.

या पक्ष्यांच्या वाटा शोधणाऱ्यांच्या गोष्टी वाचताना माझा एक आवडता किस्सा आहे. १९५२मध्ये वेल्सजवळच्या स्कोखोम बेटावरचा एक मँक्स शिअरवॉटर पायात कडे घालून विमानाने अमेरिकेत बोस्टनला नेला आणि तिथे सोडून दिला. ज्या संगीतकाराने त्याला नेले होते त्याने सुटकेची तारीख कळवणारे पत्र टाकले. पक्षी साडेबारा दिवसांत, पाच हजार किलोमीटरच्या आसपासचा अटलांटिक ओलांडून आपल्या बिळात परत आला आणि पत्र त्याच्यानंतर पोहोचले. जो समुद्र त्याने त्या बाजूने कधी ओलांडला असण्याची शक्यता कमी, त्यावरून तो कसा आला, याची उत्तरे तेव्हापासून थोडी थोडी सापडत आहेत. या कुळातल्या पक्ष्यांचे नाक तीक्ष्ण असते, आणि सूक्ष्म वनस्पती खाल्ल्या जात असताना समुद्रातून सुटणाऱ्या डायमिथाइल सल्फाइडचा वास त्यांच्यातल्या काही जातींना लांबून येतो, हे प्रयोगांनी दिसले आहे. आपल्याला जे एकसारखे पाणी दिसते त्यात त्यांच्यासाठी वासाचे रस्ते आणि वस्त्या असतात. त्यांना खारे पाणीही वर्ज्य नाही. डोळ्यांच्या वरच्या ग्रंथी रक्तातले जास्तीचे मीठ गाळून नाकावाटे बाहेर टाकतात, म्हणून गोड्या पाण्यावाचून त्यांचे काही अडत नाही. जमीन त्यांना फक्त अंडी घालण्यापुरती लागते. यजमान म्हणून आपल्यापाशी देण्यासारखे काहीच नाही असा हा पाहुणा आहे, आणि मला वाटते, म्हणूनच त्याच्याकडे पाहताना थोडे ओशाळल्यासारखे होते.

एका गोष्टीने मात्र मी सुखावले. हे पक्षी अरबी समुद्रात येतात ते ज्या वाऱ्यामुळे, तोच वारा नागपूरला पाऊस देतो. जून लागला की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला घासून नैर्ऋत्येचा जोरदार वारा वाहू लागतो. हवामानशास्त्रात त्याला सोमाली जेट म्हणतात. तो सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळचे वरचे कोमट पाणी दूर लोटतो, खालचे थंड आणि पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांच्यामागे मासे येतात आणि माशांमागे जगाच्या दोन्ही टोकांचे पक्षी. तोच वारा बाष्प घेऊन पुढे येतो, सह्याद्रीवर बरेचसे ओततो आणि उरलेले घेऊन विदर्भापर्यंत पोहोचतो. आपल्याकडचा पाऊस बंगालच्या उपसागराच्या शाखेचाही असतो, पण मुळात वारा तोच. जूनच्या मध्यावर आपण गच्चीवर उभे राहून पश्चिमेकडचे ढग पाहतो आणि पेरणीची काळजी करतो, त्या आठवड्यात सोमालियाजवळ स्टॉर्म पेट्रेलांची जेवणावळ सुरू झालेली असते. हे तात्यांना सांगितले, तर ते म्हणाले की वारा सगळ्यांचाच असतो, पण त्यांच्या होड्यांना तो दोन महिने बंदरात बसवून ठेवतो, हेही लक्षात ठेव.

भूशिरावर बसण्यात निव्वळ आनंद आहे, असे मी म्हणणार नाही. कंटाळा खरा असतो, थंडी वाजते, आणि दुपारी खोलीवर येऊन वही उघडली की निम्म्या ओळींपुढे 'अनोळखी' लिहिलेले असते. तळ्यावर असे झाले तर मला रुखरुख लागते. इथे ते मानाने लिहावे असे वाटू लागले, कारण ते खरे असते. ज्याला नाव देता आले नाही तोही गेला, त्या दिशेने, त्या वेळेला. हल्ली पक्षी पाहणे म्हणजे मोठ्या भिंगाने टिपलेले, पिसाच्या प्रत्येक कडेसह स्वच्छ छायाचित्र असे समीकरण झाले आहे. त्यासाठी पाणपक्ष्यांच्या थव्यात गाडी घालणारे लोकही मी आपल्याच धरणांच्या काठांवर पाहिले आहेत. समुद्रपक्षी या हौसेला दाद देत नाहीत, याचे मला थोडे समाधान आहे. एक अस्वस्थताही आहे. त्यांना आपली गरज नाही हे खरे असले, तरी आपण त्यांच्यापर्यंत पोहोचलोच आहोत. शिअरवॉटर तरंगणारे प्लॅस्टिक खाणे समजून गिळतात आणि पिल्लांनाही भरवतात. फ्लेश-फुटेड शिअरवॉटरांच्या पिल्लांच्या पोटांतून निघालेल्या तुकड्यांवर ऑस्ट्रेलियात बरेच संशोधन झाले आहे. नागपुरातला नाल्यात टाकलेला पाऊच नाग नदीतून गोदावरीपर्यंत गेला, तर तो कुणाच्या पोटात जाईल, हे मी सांगू शकत नाही. तो कुठेतरी जाईल, एवढे सांगू शकते.

परत आल्यावर आकाशाकडे बघण्याची पद्धत बदलली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक होऊन गेली की नागपुरातल्या मोकळ्या मैदानांवर पिवळट चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसतात. लहानपणापासून ते दिसत आले आहेत आणि ते कुठे जातात, हा प्रश्न कधी पडला नव्हता. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९मध्ये मांडले की याच जातीचे चतुर ऑक्टोबरच्या सुमारास भारतातून समुद्रावरून मालदीवला पोहोचतात आणि पुढे आफ्रिकेकडे जातात. मालदीवमध्ये त्यांच्या अळ्यांना लागणारे गोडे पाणी जवळजवळ नसल्यामुळे ते बाहेरून येत असणार, हे त्याच्या लक्षात आले होते. नोव्हेंबरमध्ये अमूर ससाणे नागालँडहून निघतात, द्वीपकल्प ओलांडतात आणि अरबी समुद्रावरून न थांबता सोमालियाला जातात. २०१३मध्ये नागालँडमधल्या दोयांग जलाशयापाशी उपग्रह ट्रान्समीटर लावलेल्या तीन ससाण्यांनी ही वाट दाखवून दिली. मे-जूनमध्ये चातक आफ्रिकेतून तोच समुद्र ओलांडून उलट दिशेने येतात आणि त्यांतले काही आपल्या गावाबाहेरच्या झुडपांत ओरडू लागतात. म्हणजे समुद्र ओलांडणाऱ्यांची ये-जा आपल्या डोक्यावरूनही चालू असते. बरीचशी रात्री असते, बरीचशी उंचावरून असते, आणि वर्धा रोडवरच्या वाहतुकीत तिचा आवाज खाली येत नाही.

पुढच्या गणनेच्या बैठकीत मी सुचवले की अधिकृत कागद आहे तसाच राहू द्यावा, पण आमच्या गटापुरती एक वेगळी वही ठेवावी, फक्त वरून गेलेल्यांची. किल्ल्यावर मी नेमके उलटे करत होते. खडकावर बसलेले स्थानिक बगळे आणि घिरट्या घालणारा समुद्र गरुड यांना सोडून द्यायचे आणि फक्त पुढे निघालेल्यांना मोजायचे. ज्यांना दोन्ही मोजण्या ठाऊक आहेत अशा माणसाने एकच का करावी, असा माझा मुद्दा होता. सरांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "मग विमानंही लिहाल तुम्ही. देशाच्या चारही कोपऱ्यांची विमानं नागपूरवरूनच जातात." सगळे हसले, मीही हसले. वही मात्र सुरू झाली आणि तिच्यात सरांच्या अक्षरातल्या काही नोंदी आहेत. त्यांतली एक नोव्हेंबरमधली, संध्याकाळची, 'लहान ससाणे, नैर्ऋत्येकडे, बहुधा अमूर' अशी आहे. 'बहुधा' या शब्दाखाली त्यांनी स्वतःच रेघ मारली आहे.

गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या वादळी आठवड्यात, तात्यांचा फोन आला. किनाऱ्यावर एक मोठे पांढरे पाखरू बसले आहे, उडत नाही, पोरे त्याला बिस्किटे टाकत आहेत, काय करू, असे ते विचारत होते. फोनवर पाठवलेल्या छायाचित्रात तो मास्क्ड बूबी होता. चेहरा काळा, चोच पिवळी, पंखांची मागची कड काळी. पावसाळ्यात वाऱ्याने दमून किनाऱ्याला लागलेले असे बूबी कोकणात अधूनमधून सापडतात. ज्याला जमिनीवर काही काम नाही तो समुद्रपक्षी जमिनीवर थांबलेला दिसला, तर तो अडचणीत आहे असेच समजायचे असते. मी त्यांना सांगितले की बिस्किटे बंद करा, तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका, पुन्हा लाटांत ढकलू नका, हवेशीर खोक्यात अंधारात ठेवा आणि वनखात्याला कळवा. उचलताना डोक्यावर पंचा टाका, हेही सांगितले, कारण बूबीच्या चोचीच्या कडा करवतीसारख्या असतात. तात्यांनी सगळे केले, फक्त पंचा टाकला नाही. आयुष्यभर सुरमई आणि मुडदुसे हाताळलेल्या माणसाला पाखराची कसली भीती, असे त्यांना वाटले असावे. दोन दिवसांनी वनखात्याच्या लोकांनी तो बूबी किल्ल्याच्या टोकावरून सोडला आणि तो फार न रेंगाळता गेला, ही बातमी बहिणीने दिली. मग तात्यांनी फोन घेतला. "माजां बोट फोडल्यान मेल्यान," ते म्हणाले, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले का, असे मी विचारल्यावर त्यांनी विषय बदलून नागपुरात पाऊस किती झाला, हे विचारले.